ग्रामसभेला माणसं कशी येतील?

“लोकच येत नाहीत हो.” गावच्या कारभाराविषयी कुठल्याही सरपंचाशी बोलायला बसा, हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत येतंच. मग पुढची ठरलेली यादी: घरकुलाची नावं निघणार असली की गर्दी होते, एरवी कुणी फिरकत नाही, पोरं मोबाइलमध्ये, बायका बोलत नाहीत, विरोधक येतात ते गोंधळ घालायलाच. यात थोडंफार तथ्य आहे. पण तोच प्रश्न गावकऱ्याला विचारला की तो सांगतो, “जाऊन काय करायचं? ठरायचं ते आधीच ठरलेलं असतं.”

या दोघांत मला गावकऱ्याचं म्हणणं जास्त वजनदार वाटतं. अर्धा दिवस मोडून सभेला जायचं, तिथं दोन तास बसायचं आणि आपण बोललेलं वहीत येतं की नाही हेही कळायचं नाही, असं तीन-चारदा झालं की शहाणा माणूस घरी राहतो. हे मत भाषणानं बदलत नाही. सभेत बोललेलं पुढं खरंच घडतं, हे त्याला दिसावं लागतं. त्यासाठी गावच्या पुढाऱ्यानं काय करायचं, ते या लेखात आहे. पुढारी म्हणजे सरपंच, उपसरपंच आणि सदस्य तर आलेच. पण बचतगटाच्या अध्यक्षबाई, तरुण मंडळाची पोरं, निवृत्त गुरुजी, पद नसूनही ज्यांचा शब्द आळीत चालतो ते सगळेही इथं अभिप्रेत आहेत.

आधी कायदा, थोडक्यात

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सभासद असतो, त्यासाठी वेगळा अर्ज किंवा वर्गणी नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि प्रत्येक नियमित सभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. पुरेसं कारण नसताना सभा बोलावली नाही, तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी, तेवढी माणसं लागतात. म्हणजे ४०० मतदारांच्या वाडीला ६० पुरतात आणि पाच हजार मतदारांच्या गावालाही १०० चालतात. ही अट काही डोंगराएवढी नाही.

तरीही ती पुरी होत नाही, कारण पळवाटही नियमातच आहे. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. मग पहिली सभा तहकूब होणार हे गृहीत धरूनच कारभार चालतो. दुसऱ्या सभेला पंधरा-वीस डोकी येतात, त्यांतली निम्मी ग्रामपंचायतीचेच सदस्य आणि त्यांचे भाऊबंद. आणि जिथं कागदावर गर्दी दाखवायची असते, तिथं शिपाई सह्यांची वही घेऊन घरोघर फिरतो. “काय नाही, इथं अंगठा द्या.”

गावात लोकसहभाग वाढवायचा असेल तर पहिल्यांदा ही फिरणारी वही बंद करा. बाकीचे उपाय पाठीमागून आले तरी चालतील. घरी बसून सही देणाऱ्याला आपली हजेरी कवडीमोल आहे हे पक्कं कळतं, आणि ते त्याला आपणच शिकवलेलं असतं. सभेला चाळीसच आले तर वहीत चाळीस लिहा आणि पुढच्या सभेला तो आकडा मोठ्यानं वाचा.

विषयपत्रिका अशी लिहा की वाचणारा थांबेल

बहुतेक गावांत सभेची नोटीस कशी असते? ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शासन परिपत्रकांचे वाचन करणे. मासिक जमाखर्चास मंजुरी देणे. विकास आराखड्याबाबत चर्चा करणे. मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय.’ ही भाषा कार्यालयाला लागते, ती दप्तरी नोटिशीत राहू द्या. पण सोबत दुसरा एक कागद काढा, मोठ्या अक्षरांत, आणि तो दळणाची गिरणी, दूध संकलन केंद्र, रेशन दुकान, एसटीचा थांबा आणि प्रत्येक वस्तीवरचं देऊळ इथं लावा. त्यावर तीनच प्रश्न असावेत, आणि असे की ज्यांचं उत्तर अजून ठरलेलं नाही. उदाहरणार्थ:

‘पाण्याच्या नव्या टाकीसाठी दोन जागा आहेत: शाळेमागं की माळावर? माळावर बांधली तर वरच्या आळीला दाब मिळेल, पण पाइपाचा खर्च वाढेल. कुठं बांधायची?’

‘स्मशानभूमीचा रस्ता आणि अंगणवाडीची भिंत, यंदा पैसे एकाच कामाला पुरतील. आधी कोणतं?’

हे वाचल्यावर वरच्या आळीतला माणूस सभेला येतोच, कारण तो आला नाही तर टाकी खाली जाईल. प्रश्न असा विचारायला धाडस लागतं, हे मान्य. उत्तर आपल्या मनासारखं येईल याची खात्री नसते. परंतु सरपंचाच्या मनातलं उत्तर आधीच पक्कं असेल आणि सभा नुसती मान डोलवायला बोलावली असेल, तर लोक ते वासावरून ओळखतात. असा विषय सभेत आणूच नका. सरळ सांगा की हे मासिक सभेत ठरलं, कारण अमुक.

‘ऐन वेळचे विषय’ ही आणखी एक खोड. गावातले महत्त्वाचे निर्णय, म्हणजे जागेची भाडेपट्टी, झाडं तोडणं, ना हरकत दाखले, नेमके ऐन वेळी येतात आणि माणसं उठून गेल्यावर मंजूर होतात. ज्या विषयात गावची जमीन, पाणी किंवा पैसा गुंतलाय तो ऐन वेळी घेणार नाही, असा ठराव एकदा करून टाका. विरोधकांची निम्मी भांडणं तिथंच मिटतील.

तारीख, वेळ आणि जागा

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घ्यायची पद्धत पडली आहे. झेंड्याला माणसं जमतात, म्हणून ती सोयीची वाटते. आता हेच दिवस शेतकऱ्याच्या पंचांगावर ठेवून पाहा. मध्य ऑगस्टला खुरपणी चालू असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि आभाळाकडं बघत मजुरांची ओढाताण सुरू असते. जानेवारीत बीड, अहिल्यानगर, जालना भागातली ऊसतोड करणारी कुटुंबं कारखान्यांच्या फडांवर असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गेलेली ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मे महिन्यात लग्नं. म्हणजे गावातला सर्वांत गरीब आणि सर्वांत कष्टकरी वर्ग वर्षभराच्या सभांना जवळजवळ मुकतोच, आणि नंतर त्याच्याच नावानं ‘लोक येत नाहीत’ म्हणून खापर फुटतं.

कायद्यानं चार ही किमान संख्या सांगितली आहे. जादा सभेला आडकाठी नाही. आपल्या गावची माणसं घरी कधी असतात ते शोधा आणि एक सभा तिथं ठेवा. घाटावरच्या गावांत चैत्र-वैशाखातली जत्रा आहे. कोकणात गणपती आणि शिमगा. मुंबईकर मंडळी तेव्हा घरात असतात, त्यांच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांकडं पैसा असतो, ओळखी असतात आणि गावाबद्दल मतंही भरपूर असतात. गौरी-विसर्जनानंतरची एक संध्याकाळ त्यांच्याकडून मागून घ्या. मात्र जमीन-पाण्याचा निर्णय घेताना रोज गावात राहणाऱ्याचा शब्द मोठा, हे आधी स्पष्ट करा. नाहीतर चार दिवसांचे पाहुणे ठरवून जातात आणि निस्तरणारे मागं उरतात.

वेळेचंही तसंच. सकाळी अकराची सभा ही नोकरशाहीची सोय आहे. कामावर जाणाऱ्यांच्या गावात ती संध्याकाळी सातनंतर घ्या, ग्रामसेवकांना (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) एक दिवस उशिरापर्यंत थांबण्याची विनंती करा. बहुतेक जण थांबतात. त्यांना आधी विचारलेलं नसतं, एवढंच.

जागा हा मात्र नाजूक विषय. गावठाणातल्या मोठ्या देवळाच्या सभामंडपात सभा घेतली, तर कोण आत बसतो आणि कोण पायरीवर उभा राहतो हे नीट बघा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या त्या मंडपात मोकळेपणानं बसता आलं नाही, ती माणसं तिथं बोलणार नाहीत, कितीही बोलवा. शाळेचं मैदान सगळ्यांचं. शिवाय मूळ सभेआधी दलित वस्तीत, तांड्यावर, धनगरवाड्यावर छोट्या बैठका घ्या. सरपंचानं तिकडं जाऊन सतरंजीवर बसायचं आणि फक्त लिहून घ्यायचं. या बैठकीत आलेला विषय मुख्य सभेत ज्याचा त्यानंच मांडावा. सरपंचानं त्याच्या वतीनं मांडू नये. पहिल्या वेळी तो अडखळेल. त्याला अडखळू द्या.

महिलांची सभा कागदावरून जमिनीवर

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सरपंचबाई खुर्चीवर आणि शेजारी ‘सरपंचपती’ बोलायला, हे चित्र अजून संपलेलं नाही. त्यावर साधा उपाय आहे. सभेच्या सुरुवातीलाच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सांगावं की व्यासपीठावर निवडून आलेले सदस्यच बसतील, बाकीच्यांनी सतरंजीवर यावं. एकदा हे वाक्य उच्चारायला जड जातं. दुसऱ्या सभेपासून कुणी बोलून दाखवत नाही.

महिलासभेचं मुख्य दुखणं असं की ती खऱ्या सभेआधी अर्धा तास उरकली जाते. अंगणवाडी सेविका आणि आशाताई दहा-बारा जणींना गोळा करतात, फोटो निघतो, सह्या होतात, चहा होतो. तिच्यात काय ठरलं हे मोठ्या सभेत कुणी विचारत नाही. दोन गोष्टी करून पाहा. एक, महिलासभा मोठ्या सभेच्या दोन-तीन दिवस आधी, दुपारी, भांडी-धुणी उरकल्यावर घ्या. पुरुष एकही नको. दुसरं, तिथले ठराव मोठ्या सभेत सर्वांत आधी, त्या सभेत ज्या बाई बोलल्या त्यांच्याच तोंडून वाचून घ्या. पाणी किती वाजता सोडायचं, शौचालयाच्या टाक्या कधी उपसायच्या, एसटी शाळेच्या वेळेला का येत नाही, हे विषय तिथून येतात, आणि ते पुरुषांच्या सभेत एरवी येतच नाहीत.

बायकांना हक्काचं बळ कुठं मिळतं, तेही सांगायला हवं. गावातलं दारूचं परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी एक चतुर्थांश महिला मतदारांनी निवेदन दिलं तर गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. आलेल्या मतांच्या निम्मी पुरत नाहीत, यादीतल्या नावांच्या निम्मी लागतात. म्हणून अशा गावांत मोहिमेचा खरा घाम घरोघर जाण्यात, माहेरी गेलेल्या सुनेला मतदानाच्या दिवशी परत आणण्यात आणि मेलेल्यांची नावं यादीतून आधीच कमी करून घेण्यात जातो. ही मोहीम ज्या बायका एकदा चालवतात त्यांना ग्रामसभेत बोलायला पुन्हा कुणी शिकवावं लागत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं थांबवायचं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हा कित्ता गिरवायला सांगितलं. त्यानंतर ठरावांचं पेवच फुटलं. एक सांगतो: असा ठराव घेणं सोपं, मयताच्या दारात पहिली बांगडी वाचवणं कठीण. आपल्या गावात घ्यायचा असेल तर आधी पाच-सहा वडीलधाऱ्या बायकांशी बोला, ज्या अशा वेळी दारात पुढं असतात. त्यांनी मान डोलावल्याशिवाय वहीत काही लिहू नका.

पहिलं काम कोणतं धरावं

लोकांना एकत्र आणायचं तर पहिलं काम निवडण्यात निम्मं यश आहे. ते सगळ्यांच्या नजरेसमोरचं हवं, महिन्या-दोन महिन्यांत पुरं होणारं हवं आणि त्यात कुणाचा बांध सरकता कामा नये. रस्त्याचं अतिक्रमण काढणं हे गावाच्या भल्याचं असलं, तरी पहिलं काम म्हणून घेऊ नये. भावकीची भांडणं उकरली जातात आणि मग पाच वर्षं काहीच होत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार आज पाण्यासाठी ओळखलं जातं. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथं सरपंच झाले तेव्हा गाव दुष्काळ, दारू आणि भांडणांनी पोखरलेलं होतं. तिथंही सुरुवात शाळेपासून झाली. आपल्या पोराच्या शाळेला विरोध करणारा माणूस गावात सापडत नाही. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअर न घेणं, ऊस-केळीला रजा देणं, असले पोटाला चिमटा काढणारे निर्णय गावानं नंतर पचवले, कारण तोवर विश्वास जमला होता. पावसाळा संपला की तिथं पाण्याचा ताळेबंद मांडला जातो: किती पाऊस झाला, किती पाणी मुरलं, पिण्याला किती ठेवायचं आणि उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची. हा ताळेबंद गावासमोर मांडतात, इथंच सगळी मेख आहे. आकडे सर्वांसमोर असले की ‘माझ्या शेताला का नाही’ हे भांडण सरपंचाच्या अंगावर येत नाही.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याची युक्ती निराळी. भास्करराव पेरे पाटील यांच्या काळात तिथं घरपट्टी-पाणीपट्टी वेळेवर भरणाऱ्या कुटुंबाला ग्रामपंचायतीच्या गिरणीतून दळण मोफत मिळू लागलं. काहींना हे आमिष वाटतं. मला त्यात एक बारीक गोष्ट दिसते: कर भरला त्याचं फळ त्याच आठवड्यात पिठाच्या डब्यात दिसलं. वसुलीच्या नोटिसा पाठवून जे होत नाही ते यानं झालं. तुमच्या गावात गिरणी जमेल असं नाही. पण कर भरणाऱ्याला लगेच, हातात, काय मिळेल याचा विचार करायला हरकत नाही.

श्रमदानाचं म्हणाल तर ते उत्साहावर दोन दिवस चालतं आणि नियोजनावर दीड महिना. २०१६ मध्ये पानी फाउंडेशननं सत्यमेव जयते वॉटर कप सुरू केला. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते, आणि कोरेगावातलं वेळू पहिलं आलं. त्या स्पर्धेत टाळ्यांपेक्षा शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे तिची बांधणी. प्रत्येक गावानं आधी आपली पाच माणसं प्रशिक्षणाला पाठवायची. ती परत आली की माथ्यापासून पायथ्यापर्यंत कुठं चर, कुठं दगडी बांध हे त्यांना स्वतःला आखता यायचं, साहेबाची वाट बघावी लागायची नाही. तुमच्या गावात तलावातला गाळ काढायचा असो की ओढ्याची सफाई, तीच रीत धरा. आदल्या संध्याकाळी फक्कीनं आखणी करून ठेवा. टिकाव, फावडी, घमेली मोजून आणा. हत्यार नसलेला माणूस नुसता उभा राहतो आणि उद्या येत नाही. सकाळी सहा ते आठ, त्यापुढं एक मिनिट नाही. प्रत्येक टोळीला तिचा तुकडा नेमून द्या आणि उठताना किती घनमीटर झालं ते तिथंच मोजून सांगा. पुढाऱ्यानं फोटोपुरतं घमेलं उचलू नये, हे सांगायची गरज नसावी, पण अनुभव असा आहे की गरज असते.

आणि पैसा-श्रम देता न येणाऱ्यांना वगळू नका. जलजीवन मिशनच्या योजनांत गावांतर्गत कामाच्या खर्चाचा १० टक्के वाटा लोकवर्गणीतून अपेक्षित आहे; डोंगराळ, वनक्षेत्रातल्या आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत ५ टक्के. तो रोख, वस्तू किंवा श्रम कशानंही देता येतो. विधवा, भूमिहीन आणि वृद्धांच्या नावापुढं रक्कम शून्य ठेवली तरी नाव यादीत हवं. यादीतून नाव गेलं की नळावरचा हक्कही गेला, असं माणसं धरून चालतात.

विरोधी पॅनलचं काय करायचं

निवडणुकीत हरलेला गट सभेला येतो तो हिशेब मागायला. बहुतेक सरपंचांना तिथंच घाम फुटतो. माझा सल्ला उलटा आहे: हिशेब तपासायचं काम त्यांनाच द्या. गावात समित्या भरपूर असतात. पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, शाळा व्यवस्थापन समिती, तंटामुक्त समिती, दक्षता समिती. यांतल्या बऱ्याचशा कागदावरच असतात. रस्त्याच्या कामावर देखरेखीसाठी चार जण नेमताना त्यांत दोन विरोधी गटातले घ्या, त्यांच्या हातात अंदाजपत्रकाची प्रत द्या आणि सिमेंटच्या गोण्या मोजायला सांगा. कामात खोट निघाली तर ठेकेदाराला जाब विचारायला गाव एकजुटीनं उभं राहतं. नाही निघाली, तर ‘पैसे खाल्ले’ ही चावडीवरची चर्चा त्यांच्याच तोंडून थांबते.

बहुमतावर घाई करू नका, हे शिकायचं तर गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) इथं पाहावं. धानोरा तालुक्यातलं हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीनं गावानं दोन सवयी लावून घेतल्या. पहिली, निर्णय सर्वसहमतीनं. एकाचाही मनापासून विरोध असला तर विषय पुढं ढकलायचा आणि पुन्हा बोलायचं. दुसरी सवय अभ्यास गटाची: निर्णयाच्या सभेबाहेर, घाई नसताना, एखादा कायदा किंवा प्रश्न समजून घ्यायला बसायचं, जाणकाराला बोलवायचं. अभ्यास गटात निर्णय होत नाही, म्हणून कुणाला हरायची भीती नसते. याच तयारीवर गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. शंभरेक उंबऱ्यांच्या गावात जे जमलं ते पाच हजारांच्या गावात जसंच्या तसं जमणार नाही, हेही उघड आहे. पण आळीपुरता किंवा वस्तीपुरता अभ्यास गट कुठंही काढता येतो. पाच-सहा पदवीधर पोरं, दोन गुरुजी, एखादी आशाताई आणि महिन्यातून एक संध्याकाळ.

त्या पोरांना काम हवं असतं, उपदेश नको असतो. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. तो त्यांनी मोबाइलवर उघडावा, समजेल अशा मराठीत एका पानावर उतरवावा आणि सभेत वाचावा. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करायचा असतो. तुमच्या गावात तो कशावर झाला, हे सभेतल्या किती जणांना ठाऊक आहे?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवून साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, ती मुलांच्या अभ्यासासाठी. बातम्यांत भोंगा गाजला. खरं काम केलं ते घरोघर जाऊन समजावणाऱ्या अंगणवाडी सेविकांनी, ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी आणि निवृत्त शिक्षकांनी. भोंगा कुठल्याही गावाला विकत मिळतो, घरोघर फिरणारी माणसं तयार करावी लागतात.

झालेलं काम परत सांगा

आता सगळ्यांत कंटाळवाणी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. सभेत ठरलेल्याचं काय झालं, हे पुढच्या सभेत आधी सांगायचं. ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर एक काळा फळा पुरतो. त्यावर पाच रकाने आखा: ठराव क्रमांक, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, आज कुठं आहे. उदाहरणार्थ: ‘ठराव ७. शाळेमागच्या गटारावर झाकणं. उपसरपंच. पोळ्यापर्यंत. झाकणं आली, दोन बसवायची राहिली, गवंडी आजारी.’ मुदत ‘यथावकाश’ अशी लिहू नका. पोळा, दसरा, संक्रांत असं लिहा, म्हणजे सगळ्यांच्या लक्षात राहतं. काम झालं नाही तर ‘झालं नाही’ लिहा आणि कारणही लिहा. न झालेल्या कामाचं खरं कारण सांगितल्यानं सरपंचाची पत जात नाही, लपवल्यानं जाते.

ठरावाच्या वहीत बोलणाऱ्याचं नाव आलं पाहिजे. ‘सर्वानुमते मंजूर’ या दोन शब्दांत शंभर माणसं गाडली जातात. सूचक, अनुमोदक ही जागा नेहमीच्या चार नावांनी भरू नका. टाकी माळावर बांधा असं ज्या बाईनं सुचवलं तिचंच नाव सूचक म्हणून लिहा आणि उठण्याआधी ठराव मोठ्यानं वाचून दाखवा. आपलं नाव दप्तरात गेलेलं ऐकलेला माणूस पुढच्या सभेला शेजाऱ्याला घेऊन येतो.

तेव्हा येत्या सभेची नोटीस निघण्याआधी मागच्या चार सभांची वही काढा, प्रत्येक ठरावापुढं ‘झाला’ किंवा ‘नाही झाला’ असं लाल पेनानं लिहा, आणि ते पान आहे तसं गावासमोर वाचा.